वाचायचं, पण लिहायचं नाही

माझी नातसून तिच्या दोन्ही लेकरांना शाळेत घालत नाही, घरीच शिकवते. तिचं ती बघेल. पण परवा ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्हीपण घरीच शिकलात ना? तुमच्या आजी-आजोबांनी तुम्हाला किती सपोर्ट केला असेल! तेवढं सांगा, मला इतर आजी-आजोबांसाठी लिहायचंय." डोंबलाचा सपोर्ट. मी म्हटलं, लिही, पण मी सांगेन तसंच लिही, वरून साखर पेरायची नाही. तिनं चार ओळी लिहिल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वही मिटली. म्हणून आता मीच लिहायला बसलेय, फार उशिरा का होईना, लिहायला शिकलेय मी.

आमचं घर झरीचं. परभणी जवळच, पण तेव्हा जवळ म्हणजे बैलगाडीनं चांगला अर्धा दिवस. निजामाचं राज्य. गावात सरकारी मदरसा होता, शिकवणं सगळं उर्दूत, आणि तिथं जायची ती पोरं. पोरींचा प्रश्नच नव्हता. मराठीची खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची, आणि ती मागायला जाण्याची छाती आमच्या गावात कुणाची नव्हती. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, गावचे पटवारी. दफ्तर त्यांच्याकडं, गावात येणारं-जाणारं टपालही त्यांच्याच हातून. वडील मानवतला कापसाच्या अडतीवर कारकून होते. आठवड्याला एकदा घरी यायचे, आजोबांसमोर मान खाली घालून जेवायचे आणि परत जायचे. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

आई वऱ्हाडातली. तिकडं इंग्रजांचा अंमल, मुलींच्या मराठी शाळा होत्या, आणि आई चौथी पास झालेली होती. सातव्या वर्षी तिनं मला शिकवायला घेतलं. दुपारची जेवणं झाली, आजी आडवी झाली, की माजघरात आमची शाळा भरायची. आजीला झोप म्हणून कधी लागली नाही. मी तोंड उघडलं रे उघडलं की तिकडून आवाज यायचा, "अगं, तेवढे गहू निवडून टाक की." गहू झाले की वाती, वाती झाल्या की ताक. आई काही म्हणाली की आजी म्हणायची, "शिकव बाई शिकव. तिला पटवारी करायचंय न्हवं तुला?" एवढं बोलून ती पुन्हा डोळे मिटायची. रोज.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. आजोबा बैठकीत तक्क्याला टेकलेले, आई माजघराच्या दाराआड उभी, आणि मधे उंबऱ्यावर मी. आई मला म्हणायची, "त्यांना सांग." मी सांगायची. आजोबांनी ते आईच्या तोंडूनच ऐकलेलं असायचं, पण मी सांगेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहायचे. मग ते म्हणायचे, "म्हनावं तिला." आईनंही ते ऐकलेलं असायचं. तरी मी वळून तेच वाक्य पुन्हा आत सांगायचं. माझं सगळं शिक्षण असं उंबऱ्यावर ठरलं.

माझी मुळाक्षरं वाचून झाली तेव्हा आईनं माझ्या तोंडून विचारलं, आता लिहायला घेऊ का.

आजोबा म्हणाले, "म्हनावं, वाचू दे. वाचनं चांगलं हाय. चातुर्मासात पोथी वाचंल, घराला पुन्य लागंल. लिव्हायचं मातर न्हाई."

मी आत तोंड करून म्हटलं, "वाचायचं, लिहायचं नाही."

"कामून, ते विचार," आई म्हणाली.

"कामून?" मी विचारलं.

"तिला ठावं हाय कामून."

आईला माहीत होतंच. मला मात्र ते आजीनं सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी आईनं तिच्या भावाला पत्र लिहिलं होतं. इथं पोटभर जेवू घालत नाहीत, सारखं पाण्यात पाहतात, मला न्यायला ये, असं काहीतरी. शेजारणीच्या हातून टपालात दिलं. पण टपाल जाणार कुणाच्या हातून? आजोबांनी ते फोडलं, वाचलं, आणि संध्याकाळी पंगतीत वडिलांना मोठ्यानं वाचायला लावलं. आई वाढत होती. वडिलांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. तेव्हापासून आजोबांनी मनाशी पक्कं केलं होतं की या घरातल्या बाईच्या हातात पुन्हा लेखणी जाता कामा नये. वाचणारी बाई पुण्य आणते, लिहिणारी बाई घरचं बाहेर नेते. हे असं त्यांचं तत्त्वज्ञान, आणि गाव त्यांना शहाणा माणूस म्हणायचं.

आई चिवट होती. अक्षर गिरवल्याशिवाय वाचनही पक्कं होत नाही, असं तिनं माझ्याकरवी चार-पाचदा सांगितलं. शेवटी आजोबांनी एक वाट काढली. सुताराकडून धूळपाटी करून आणली. लाकडी फळी, कडेनं बारीक काठ, त्यावर विटेची भुकटी पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं. "ह्याच्यावर काढ म्हनावं," ते म्हणाले. "हालवलं की गेलं. धुळीतलं पत्र कुनी टपालात टाकत न्हाई." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. आजोबांनी माझ्या शिक्षणाला केलेली मदत म्हणाल तर ती ही. फळी त्यांनी आणली, खोटं कशाला बोलू.

त्या फळीवर एका वेळी एकच ओळ मावायची. ओळ काढायची, आईला दाखवायची, पाटी दोन्ही हातांनी धरून हलवायची, की भुकटी सारखी. मग पुन्हा तिथंच पुढची ओळ. चार वर्षं मी असं लिहिलं. माझी वेलांटी चुकली की आईला ती पुसायच्या आत बघावी लागायची. आजी येता-जाता मुद्दाम फळीला पाय लावायची आणि "दिसलं न्हाई बाई" म्हणायची.

दगडी पाटी मागून झाली. पाच-सहा आण्यांची वस्तू, परभणीच्या बाजारात ढिगानं मिळायची. आजोबा म्हणाले, पोरं पाटी थुंकीनं पुसतात, विद्येवर थुंकायचं आमच्या घरात चालणार नाही. हे बोलताना त्यांच्या गालात तंबाखू होती आणि बैठकीच्या खिडकीखालची भिंत त्यांच्या पिंकांनी लाल झालेली होती. कागदाचं तर नावच नको. दफ्तरात कागदांची चवड असायची, पण तो सरकारी कागद. एकदा वडिलांनी जन्मात एक धाडस केलं, मानवतहून एक कोरी वही आणली. आजोबांनी ती हातात घेतली, पानं चाळली, "कागद जाड हाय, चांगला हाय" म्हणाले आणि स्वतःच्या दफ्तरात ठेवून दिली. वडील म्हणाले, "हो, चांगला आहे." झालं.

शेजारच्या घरची माझ्याएवढी एक पोरगी आमच्याकडं शिकायला यायचं म्हणत होती. तिलाही आजोबांनी दारातूनच परतवून लावलं. दोन घरच्या पोरी एकत्र बसल्या की शाळा होते, शाळा झाली की परवानगी लागते, आणि उद्या तहसिलातून विचारणा आली तर पटवाऱ्यानं काय तोंड दाखवायचं. भित्रा माणूस घरात वाघ असतो, ते मी तेव्हापासून बघितलंय.

वाचायला मात्र मला मोकळीक होती. दहाव्या वर्षापासून चातुर्मासात रोज दुपारी गल्लीतल्या बायका यायच्या आणि मी पोथी वाचायची. ओवीच्या चालीवर, घोळवून, न अडखळता. बायका डोळे पुसायच्या. आजी पुढं बसायची आणि म्हणायची, "माज्या नातीला मीच वळन लावलंय." जिनं मला एक ओळ सुखानं शिकू दिली नाही ती! मी वाचता वाचता तिच्याकडं बघायची आणि मला लय राग यायचा, पण पोथी हातात असताना राग दाखवता येत नाही.

मला अकरावं सरलं तेव्हा आईच्या वडिलांचं, म्हणजे आजोळच्या आजोबांचं पत्र आलं. अर्थात ते आधी आमच्या आजोबांनी वाचलं आणि मग दोन दिवसांनी उंबऱ्यावरून आत पोचलं. त्यात लिहिलं होतं की इथल्या मुलींच्या शाळेत मुख्य बाईंशी बोलणं झालंय. मुलगी घरी शिकलेली असली तरी चालेल, परीक्षा घेऊन चौथीत बसवतील. आमच्याकडं राहील, सातवी करील, पुढं तिला मास्तरीण होता येईल. आईनं हे पत्र माझ्यासमोर तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिला पुढचं वाचता येईना, इतकी ती रडायला लागली. इकडं आजीनं माझ्यासाठी पेडगावचं स्थळ काढलेलंच होतं, जमीनजुमला, एकुलता मुलगा. पोर न्हातीधुती व्हायच्या आत उजवायची, हे आजी जेवताना रोज एकदा म्हणायची. म्हणजे माझ्यापुढं दोनच रस्ते होते, ती शाळा नाहीतर पेडगाव, आणि ते मला त्या वयातही स्वच्छ कळत होतं.

आजोबा कबूल कसे झाले? फुशारकीनं. व्याह्यांनी पत्रात लिहिलं होतं, "आपल्या देखरेखीखाली मुलगी शिकली आहे." तेवढ्यावर गडी फुगला. "मी सोता घेऊन जातो," म्हणाले. "बघू दे व्हराडातल्या लोकास्नी, पटवाऱ्याच्या घरी काय तालीम होती ते."

आईनं उंबऱ्यावरून महिनाभर कागद मागितला. परीक्षेत शाईनं लिहावं लागतं, मुलीनं कधी टाक धरलेला नाही, दहा कागद द्या, पाच द्या. मी वळून वळून थकले. आजोबांचं उत्तर एकच, "म्हनावं, येतंय की तिला लिव्हायला. मी रोज बघायलोय." मग आईनं मला गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एकेक मोठं अक्षर काढायला बसवलं. तिसऱ्या दिवशी आजीनं भिंत शेणानं सारवून घेतली. गोठ्याला चार भिंती होत्या. सारवली ती तेवढीच.

परभणीहून आगगाडीनं पूर्णा, तिथून हिंगोली, हिंगोलीला मामाची दमणी, बैलांची हलकी गाडी, उभी होती. आजोबांनी रेशमी काठाचं धोतर नेसलं होतं, डोक्याला पागोटं. आजोळच्या आजोबांनी त्यांचे पाय धुतले, चौरंगावर बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शाळेत गेलो. स्वच्छ सारवलेली जमीन, भिंतीवर नकाशा, आणि प्रत्येक पोरीच्या मांडीवर पाटी. मी त्या पाट्यांकडंच बघत उभी राहिले.

मुख्य बाई चांगल्या होत्या. त्यांनी पुस्तक दिलं, वाच म्हणाल्या. मी सुरू केलं, ओवीच्या चालीवर. धडा होता गाईवर, पण मला चालीशिवाय वाचताच येत नव्हतं. नुसती पोथीच वाचायची, दुसरं काही वाचलंच नव्हतं. गाईला चार पाय असतात हे मी घोळवून, शेवटचं अक्षर लांबवून म्हटलं. वर्गातल्या पोरी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. बाई म्हणाल्या, "बाळ, सरळ वाच." सरळ म्हणजे कसं तेच मला कळेना. मग त्यांनी गणित वाचायला दिलं, एका टोपलीत बारा आंबे. मी तेही चालीवर लावलं. तिकडं आमचे आजोबा डोळे मिटून मान डोलावत होते.

मग बाईंनी कागद पुढं ठेवला, टाक दिला, दौत सरकवली. शुद्धलेखन सांगू लागल्या. काडीसारखा टाक दाबून धरला तर टोकाचे दोन पाय फाकले आणि कागदावर शाईचं डबकं झालं. तरी मी पहिली ओळ काढली. बाईंनी दुसरं वाक्य सांगितलं. मी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि हलवला. ओली शाई बाईंच्या लुगड्यावर उडाली. मग मी कागद खाली ठेवला आणि पहिल्या ओळीवरच दुसरी ओळ लिहिली. तिसरी दुसरीवर. कुणाला खरं वाटणार नाही, पण कागदावर खाली जागा असते आणि पुढची ओळ तिथं लिहायची असते, हे पोथीत रोज डोळ्यांना दिसायचं, पण माझ्या हाताला माहीत नव्हतं. बाईंनी कागद उचलला तेव्हा त्यावर एक काळा पट्टा होता, बाकी कागद कोरा.

त्या हसल्या नाहीत. दोन्ही आजोबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाचन हिचं चौथीच्या वर आहे. लिहिणं मात्र मुळीच नाही. बिगरीत बसवावं लागेल, लहान मुलींत. सहा महिने माझ्यावर सोपवा, मी वर काढते."

सहा महिने! मला वाटलं, एवढंच? मी तर सहा वर्षं बसले असते.

आजोबांचं तोंड लाल झालं. "पटवाऱ्याची नात बिगरीत? शेंबड्या पोरींत? पोथी वाचती ती, बाई. साऱ्या गावात वाचती."

"मी बसते," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "आजोबा, मी बसते बिगरीत. मला बसायचंय." त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यापुढं स्वतःचं असं एक वाक्य बोलले नव्हते, दुसऱ्यांचीच इकडून तिकडं केली होती.

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मानानं घ्यायचं तर चौथीत घ्या. न्हाई तर आमची आमी वापस नेतो."

आता खरं सांगते. मला त्यांचा जेवढा राग आहे त्याच्या दुप्पट दुसऱ्या आजोबांचा आहे. ते चांगले होते. पत्र त्यांनी लिहिलं, बाईंना त्यांनी गाठलं, माझ्यासाठी घरात कोनाडा रिकामा केला होता, त्यात नवी पाटी-पेन्सिल आणून ठेवलेली मी सकाळीच बघितली होती. मी त्यांच्याकडं वळले. ते टोपी हातात घेऊन उभे होते. मुलीकडचे ना ते! व्याह्यांपुढं शब्द वर करायचा नाही, नाहीतर तिकडं लेकीला भोगावं लागतं. हे मला आज कळतं, तेव्हाही थोडं कळत होतं. ते हळूच म्हणाले, "आपण म्हणाल तसं." बस, एवढंच. नातसुनेला मी हेच सांगत होते की आजी-आजोबा नुसते चांगले असून भागत नाही, ऐन वेळेला तोंड उघडावं लागतं. तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. गाडीत आजोबा हिंगोलीपर्यंत माझ्याकडं पाठ करून बसले. पूर्णेला फलाटावर दशम्या सोडताना म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलंस." मी म्हटलं नाही, की हाताला काय शिकवलं होतं तुम्ही. तेव्हा सुचलं नाही. पुढं साठ-सत्तर वर्षं रोज सुचलं.

घरी आल्यावर आईनं मला जवळ ओढलं. माझा उजवा हात धरला, बोटांवरची शाई बघितली. मला न्हाणीत नेऊन चुलीतली राख घेऊन ती घासायला लागली. शाई निघेना. ती घासत राहिली, मला दुखायला लागलं तरी. त्यानंतर दुपारी ती गहू निवडायला आपणहून बसायची.

पेडगावची मंडळी मार्गशीर्षात आली. मला लुगडं नेसवून पाटावर बसवलं. मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं, मग आजोबांना म्हणाले, "वाचता येतं म्हनं पोरीला?"

"पोथी वाचती," आजोबा म्हणाले. "व्हराडातल्या शाळेत इम्तिहान झाला तिचा. ते घ्यायला तयार हुते, म्हनले आमच्यावर सोपवा. आमीच न्हाई ठेवली."

"बरं केलं," पाहुणे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लिव्हती का?"

"न्हाई, न्हाई," आजोबा हसले. "त्याची काळजी करू नका."

पाहुण्यांचा जीव भांड्यात पडलेला मी समोर बघितला. आजोबांनी यात एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. मुलाच्या आईनं मला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला. मला बारावं चालू होतं.